जरा जास्तच गोड

"श्वास घ्या ना," मी म्हटलं.

चष्म्याच्या दुकानातल्या त्या अंधाऱ्या खोलीत मी त्याचे डोळे तपासत होते. बुबुळावर उजेड टाकायचा तर इतकं जवळ जावं लागतं, की समोरच्याच्या पापण्यांची सावलीसुद्धा दिसते. आणि हा माणूस चक्क श्वास रोखून बसला होता.

"घेतो... घेतो," तो म्हणाला, आणि घेतल्याबरोबर शिंकत सुटला. "सॉरी हं. इथे आज कुणाचा वाढदिवस आहे का?"

"नाही. का?"

"केकचा वास येतोय."

"तो माझ्या सेंटचा," मी म्हटलं, आणि वर लाजलेसुद्धा. मला ती स्तुती वाटली.

तो प्राण्यांचा डॉक्टर होता. केस विस्कटलेले, बाहीला मांजराचे केस चिकटलेले, आवाज असा मऊ, की घाबरलेली जनावरंही ऐकत असतील. मी उगाचच त्याला खालची ओळ पुन्हा वाचायला लावली.

थोड्या वेळाने मी बाहेर आले. तो फ्रेम निवडता निवडता मालकांना सांगत होता, "डोळे छान तपासतात हो त्या. पण खोली म्हणजे जॅमची बरणी झालीय. माणूस अक्षरं वाचायच्या ऐवजी चाटायला लागेल."

मालक हसले. काउंटरवर बसणारी माझी मैत्रीण हसली. बाकावर बसलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मालक म्हणाले, "हे बघ पोरी, याआधीही लोकांनी बोलून दाखवलंय. मीच भीड धरली. काही दिवस तू मागे काचा कापायला बस."

मी मान हलवली. काय सांगणार होते? गेल्या वर्षीच्या तापात मला वास यायचा बंद झाला, तो पुन्हा आलाच नाही. दूध करपून पातेलं काळं झालं, तरी मी शेजारच्या खोलीत निवांत वाचत बसले होते. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यानंतर एकदा तपासताना एका बाईंनी खुर्ची मागे सरकवून नाकाला रुमाल लावला. उन्हाळा होता. घामच असणार. आपला आपल्यालाच वास येत नाही, म्हणजे चारचौघांत आपण कसे असतो हेच कळत नाही. त्या दिवसापासून मी हात अंगाशी घट्ट धरून वावरू लागले. ताईने तिच्या पसंतीची गुलाबी बाटली आणून दिली. "व्हॅनिला आणि बेरी. गोड आहे, कुणालाही आवडेल." मी सकाळी मारायचे, दुपारी मारायचे, पेशंट आत येण्याआधी मारायचे. आईला विचारलं तर ती म्हणायची, "बरंय की." मैत्रीण म्हणायची, "गोड मुलीचा गोड वास." सगळे मला सांभाळून घेत होते, हे मला त्या हसण्यातून कळलं.

बाटली मी कपाटात मागे ढकलून दिली.

चष्मा न्यायला तो पुढच्या आठवड्यात आला. फ्रेम कानावर तिरकी बसत होती, म्हणून मैत्रिणीने मला बाहेर बोलावलं. मी हात लांब करून, मान मागे घेऊन काडी वाकवू लागले.

"इतक्या लांबून?" तो म्हणाला. "मी चावत नाही. माझे पेशंट चावतात."

मी हसले नाही.

"आणि आज... तो वास नाही?"

"तुमच्याच कृपेने तिची मागे रवानगी झालीय," मैत्रीण पटकन बोलून गेली.

मी काडी तशीच सोडून मागच्या जिन्यावर जाऊन बसले. तो मागोमाग आला आणि खालच्या पायरीवर उभा राहिला. चष्मा अजून तिरकाच होता.

"मी हलकटपणा केला," तो म्हणाला. "चार लोक हसतील म्हणून बोललो. तुमच्या तोंडावर, हळूच सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं. मला वास येतच नाही. कसलाच."

तो त्याच पायरीवर टेकला. मग म्हणाला, "आमच्याकडे एक म्हातारी कुत्री येते, तिलाही—" आणि एकदम थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मी आत्ता तुम्हाला कुत्रीची उपमा देणार होतो."

मला इतकं हसू आलं, की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. तो खालच्याच पायरीवर बसून राहिला... रुमाल पुढे करून, दुसरीकडे बघत.

नंतर तो तडक मालकांकडे गेला, मी मागोमाग जाऊन दाराशी थांबले. "चूक माझी होती. त्यांना पुन्हा तपासायला बसवा."

"अहो, पण त्या वासाचं काय?"

तो अडखळला. माझं गुपित त्याच्या ओठांशी आलं आणि त्याने ते गिळलं. ते पाहून माझ्याच्याने राहवलं नाही. मी जे होतं ते मालकांना सांगून टाकलं, खाली मान घालून.

मालक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," ते म्हणाले. "घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. उद्यापासून बस आत."

त्यानंतर डॉक्टरची फ्रेम वरचेवर सैल होऊ लागली. कधी स्क्रू, कधी काडी. एका रविवारी तर सगळं जागेवर असूनही तो आला, आणि आम्ही नदीकाठच्या बागेपर्यंत चालत गेलो. ऊन चढलं होतं. बाकावर मी माझ्या आणि त्याच्यामध्ये पर्स ठेवली.

"खरं सांगा," मी विचारलं. "तो सेंट कसा होता?"

"वाईट नव्हता. आधी साखर, मग पिकलेली बेरी, मग मंद व्हॅनिला... त्या दिवशी माझ्या शर्टालाही लागला होता. दवाखान्यातली सगळी कुत्री मला हुंगत होती. शर्ट धुवायला टाकवेना." तो ओशाळून हसला. "फक्त एका फवाऱ्याचं काम होतं."

मी नखाने पर्सची शिवण उकरत राहिले. जो प्रश्न मी आईलासुद्धा धड विचारला नव्हता, तो घशाशी आला.

"आणि आज... काहीच लावलं नाहीये मी. घामाचा... येतोय का?"

त्याने घाईने "छे, छे" म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"येतोय," तो म्हणाला. "थोडासा. उन्हातून चालत आलीस ना."

माझा चेहरा तापला. मी उठायला लागले.

"माझ्याही अंगाला येत असणार, तुला कळत नाही एवढंच." त्याने मधली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि माझ्या बाजूला सरकला. "जेव्हा जेव्हा विचारशील, तेव्हा खरं सांगेन. पण त्यासाठी मला असं जवळ बसावं लागेल. रोज. चालेल?"

त्याने मला 'तू' म्हटलं होतं. ते त्याच्या लक्षातही आलं नसावं. मी पुन्हा बसले, आणि वर्षभर अंगाशी आवळून धरलेला हात हळूच बाकाच्या पाठीवर, त्याच्या खांद्यामागे पसरला.

"चालेल," मी म्हटलं.