एकसष्टावा फॉर्म

या, पुढे सरकून बसा. मागे बसलात तर मला आवाज चढवावा लागेल, आणि ही गोष्ट चढ्या आवाजात सांगायची नाही. गोष्ट लहान आहे, प्रेमाची आहे. तिच्यात कुणी पळून जात नाही, कुणी विष घेत नाही. एक ती आहे, एक तो आहे, एक खोली आहे आणि कागदांचा एक गठ्ठा आहे. देवाला एवढं सामान पुष्कळ होतं.

ती कॉलेजात पहिल्या वर्षाला ‘सामाजिक समस्या’ शिकवायची. नोकरी नवी, साडीच्या निऱ्या अजून जपून सांभाळण्याइतकी नवी. मंगळवारी तिसऱ्या तासाला ती चौदा नंबरच्या खोलीत शिरली, तर फळ्यावर कुणीतरी पाठमोरा उभा राहून टेकडीसारखी एक रेघ काढत होता. बाकांवर तीस मुलं गंमत बघत बसलेली.

“हा वर्ग माझा आहे,” ती म्हणाली.

“माझाही.” त्याने वळून खिशातून वेळापत्रक काढलं. “सांख्यिकीची ओळख, पहिलं वर्ष, खोली चौदा.”

“सामाजिक समस्या, पहिलं वर्ष, खोली चौदा.”

“म्हणजे मुलंसुद्धा तीच! नाणं टाकू या? माझ्या विषयात ते बसतं.”

“माझ्या विषयात याला साधनांची टंचाई म्हणतात. त्यावर नाणं टाकत नाहीत.”

“मग काय टाकतात?”

“बहुतेक वेळा... जबाबदारी. दुसऱ्यावर.”

पहिल्या बाकावरची मुलगी खुदकन हसली. हिला सगळे ‘चौकस’ म्हणत, कारण उत्तर मिळालं तरी तिचा प्रश्न संपत नसे.

दोघं मिळून ऑफिसात गेले. वेळापत्रक लावणारे कारकूनकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, “चूक झाली खरी. पण खोल्या तेवढ्याच, तास वाढले. पहिला अर्धा तास यांनी घ्यावा, दुसरा अर्धा त्यांनी. भांडू नका, शिकलेली माणसं आहात.”

देवाची करणी म्हणा, काकांची चूक म्हणा, मंगळवारी आणि गुरुवारी अर्धा-अर्धा तास वाटून घ्यायचं ठरलं. स्टाफरूम दोन जिने खाली. अर्ध्या तासासाठी उतरा-चढा कशाला, म्हणून एक शिकवी तेव्हा दुसरा शेवटच्या बाकावर बसू लागला.

तिथून त्याने तिचा पहिला धडा ऐकला.

“एका घरात नळ गळतोय, ती त्या घराची अडचण,” ती मुलांना सांगत होती. “साऱ्या गल्लीचे नळ गळतायत, ती समस्या. अडचणीला प्लंबर पुरतो. समस्येला आधी मोजावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा, मोजणी खोटी असेल तर कणवही खोटी.”

शेवटच्या बाकावर त्याने हे वहीत लिहून घेतलं. लिहिताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात, अगदी पहिल्या वर्षाच्या मुलासारखी. तिने पाहिलं आणि पुढचं वाक्य विसरली. दोन क्षणच.

त्या गुरुवारी कॉलेज सुटताना पाऊस लागला. छत्री दोघांकडेही नव्हती. जिन्याच्या खिडकीपाशी दोघं उभे राहिले. काचेवरून पाणी ओघळत होतं.

“डस्टर तुम्ही नेता, खडू मी आणतो, असं करू या का?” तो म्हणाला.

“डस्टर जड असतो.”

“मग मी डस्टर नेतो. खडूही मीच आणतो.”

“मग मी काय करू?”

“तुम्ही... फळा पुसू नका. तुमच्या अक्षराखाली माझी आकडेमोड बरी दिसते.”

त्याने खिशातला खडू काढला, मधोमध मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. डस्टर, फळा, खिडकीकडचा बाक... पंचवीस मिनिटं बोलणं झालं, सगळं कामाचं. पाऊस थांबला तेव्हा दोघांनीही आभाळाकडे जरा नाराजीनेच पाहिलं.

त्या महिन्यात तिने मुलांना सर्वेक्षण दिलं. विषय होता एकटेपणा. प्रत्येकाने दोन अनोळखी घरी जायचं, प्रश्नावली भरून आणायची. नाव कुणाचंही घ्यायचं नाही. खाली विचारणाऱ्याने आपली सही करायची. तीस मुलं, साठ फॉर्म.

तिचा एक नेम होता. जो प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, तो आधी स्वतःला विचारायचा. म्हणून छापून आलेल्या गठ्ठ्यातला एक फॉर्म घेऊन ती त्या पावसानंतरच्या रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात बसली. ती ताईकडेच राहायची. इस्त्रीचं टेबल आणि तिची खाट एका खोलीत.

“काय लिहितेस गं एवढं?” ताईने विचारलं.

“फॉर्म भरायला किती वेळ लागतो ते बघतेय.”

“लग्नाच्या मंडळाचा एक आणून देते, त्यालाही किती वेळ लागतो ते बघ.”

“ताई!”

नववा प्रश्न होता : गेल्या सात दिवसांत घराबाहेर किती जणांशी पंधरा मिनिटांहून जास्त बोललात? तिने पेन्सिल दाताखाली धरली. मग लिहिलं : ‘एक. बोलणं कामाचं होतं. पण संपलं तेव्हा वाईट वाटलं.’ चौदावा प्रश्न होता : तुम्हाला एकटं वाटतं का? ताई पलीकडे कणीक मळत होती. तिने ‘कधीच नाही’वर खूण केली.

अकरा मिनिटं लागली. फॉर्म तिने फायलीतल्या कोऱ्या गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि विसरली. चूक झाली ती इथे.

मुलं कामाला लागली. वर्गात एक आडदांड मुलगा होता, त्याला ‘पहिलवान’ म्हणत. त्याने दोन्ही फॉर्म कँटीनमध्ये बसून भरले. एका ‘ज्येष्ठ नागरिका’ची करमणूक त्याने क्रिकेट आणि मोटारसायकल अशी लिहिली, म्हणून पकडला गेला. तिने दोन्ही फॉर्म सगळ्यांसमोर टराटरा फाडले.

“मॅडम, सगळेच करतात. मी सापडलो एवढंच.”

“खरी माणसं भेटायला जा. खोटा माणूस मला एकही चालणार नाही.”

पहिलवान गेला. दोन घरी जाऊन परत आला. त्याच्या एका फॉर्मवर, एका म्हाताऱ्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांनी नवव्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं : ‘तुला धरून एक.’

भरलेले फॉर्म त्याच फायलीत जमा झाले. मोजदाद सांख्यिकीवाला करणार होता. बुधवारी दुपारी स्टाफरूममध्ये दोघं बसले. तो प्रत्येक फॉर्मवर क्रमांक टाकून वाचत होता, ती तक्त्यात रेघा मारत होती. बाराव्या क्रमांकाला घड्याळजी आले, तेव्हा दोघांनीही पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं.

“साठ,” तो म्हणाला. मग फायलीच्या तळाला हात घातला. “आणि हा एकसष्ट. एक जास्तीचा कुठून आला?”

तिने कागद लांबूनच ओळखला; त्याला मात्र तिचं फळ्यावरचं मोठं अक्षर माहीत होतं, हे पेन्सिलीतलं बारीक नाही. पेन्सिलच्या टोकाशी तिच्या दातांचे ठसे होते, तसे आता गालांवर उमटलेत असं तिला वाटलं.

“खाली सही नाही,” तो म्हणत होता. “आणि ऐका. एकटं वाटतं का, तर म्हणे कधीच नाही. वर नवव्याला बघा काय लिहिलंय.” त्याने ते वाक्य हळू वाचलं. “खोटं बोलतोय हा माणूस. पण किती खरं खोटं बोलतोय.”

“सही नसेल तर... बाद करा ना.”

“नियमाने बाद. पण करवत नाही. तो जो ‘एक’ आहे, नशीबवान आहे. त्याला पत्ताही नसेल.”

ती म्हणाली, “उशीर झाला, मी निघते.” तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

घरी ताईने विचारलं, “चेहरा का असा?”

“एक कागद चुकीच्या फायलीत गेला.”

“मग काढून घे.”

“काढला तर का काढला ते सांगावं लागेल.”

ताईने तिच्याकडे नीट बघितलं. “दिसायला कसा आहे?”

“कोण?”

“कागद.”

गुरुवार उजाडला. तिचा अर्धा तास झाला, ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्याने फळ्यावर आकड्यांचा ढीग मांडला आणि ढिगापासून लांब एक ठिपका काढला.

“आज गर्दीतून वेगळी पडणारी नोंद कशी ओळखायची ते बघू. उदाहरणाला आपलाच फॉर्म आहे, एकसष्टावा.” आणि त्याने ते वाक्य वर्गात वाचलं. मोठ्याने. ‘पण संपलं तेव्हा वाईट वाटलं.’

मग चौकसने हात वर केला. “सर, सही कुणाची आहे?”

“सही नाही.”

“मग तो खोटाच असणार. कुणीतरी बसून लिहिलेला.” आणि बाकीच्या एकोणतीस माना पहिलवानाकडे वळल्या.

“माझा नाही!” तो उठून उभा राहिला. “मॅडम, देवाशपथ नाही. मी दोन्ही घरी जाऊन आलो. त्या घड्याळवाल्या आजोबांकडे परवा परत जाऊन आलो, विचारा त्यांना...”

“नाटकातला डायलॉग वाटतोय खरा,” कुणीतरी पुटपुटलं. हसू पिकलं.

ऐकणाऱ्यांनो, इथे जरा थांबा. गप्प बसणं सोपं होतं. आणखी दहा मिनिटांनी घंटा झाली असती. पहिलवान एकदा खोटा ठरला होताच, दुसऱ्यांदा ठरला असता. आणि तिची पत शाबूत राहिली असती.

ती उठली.

“खाली बस बाळा. तो फॉर्म माझा आहे.”

आता तीसच्या तीस माना शेवटच्या बाकाकडे वळल्या.

“तुम्हाला देण्याआधी मी स्वतः भरून पाहिला होता. बाजूला ठेवायला हवा होता, ठेवला नाही. काल दिसला तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चौदावं उत्तर तर सरळ खोटं आहे. तुझे दोन फाडले होते ना? हाही फाडायचा. साठच फॉर्म धरा.” ती पुढे गेली, टेबलावरून कागद उचलला आणि पहिलवानाच्या हातात दिला. “घे. फाड.”

पहिलवानाने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग कागदाची नीट घडी घालून तिला परत दिला. “राहू दे मॅडम. खरा माणूस आहे.”

चौकसला मात्र राहवेना. “पण मॅडम, मग तो एक कोण?”

“हा प्रश्न प्रश्नावलीत नाही,” सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “तास संपला.”

तास संपायला आठ मिनिटं होती. पण मुलं उठली. कधी उठावं, हे त्या वयात बरोबर कळतं.

ती फळा पुसू लागली. एकच जागा, पुन्हा पुन्हा. मागे बाकावर तो काहीतरी लिहीत होता.

“माफ करा,” तो जवळ येत म्हणाला. “ते वाक्य चारचौघांत वाचायचं नव्हतं.”

“तुम्हाला कुठे माहीत होतं.”

“नव्हतं. काल घरी जाताना वाटभर मी त्या ‘एका’चा हेवा करत होतो. आता पंचाईत झाली.”

“तो तुम्हीच, कशावरून?”

“फॉर्मवर तारीख आहे. आधीच्या गुरुवारी जिन्यात पंचवीस मिनिटं. पाऊस साक्षीला होता.”

“एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. तुम्हीच शिकवता.”

“म्हणून दुसरी आणलीय.” त्याने नुकताच भरलेला फॉर्म पुढे केला. नववा प्रश्न : ‘एक. बोलणं कामाचं होतं. मी मुद्दाम लांबवलं.’ चौदावा : एकटं वाटतं का? तिथे खूण नव्हती. लिहिलं होतं : ‘मंगळवार-गुरुवार सोडून.’ खाली सही होती, ठसठशीत.

तिने तो दोनदा वाचला. “एकाला वाटलं तर अडचण. दोघांना वाटलं म्हणून लगेच समस्या होत नाही, सर.”

“नाही होत.” त्याने पुसलेल्या फळ्यावर एक ठिपका काढला. “पण एका ठिपक्यातून हव्या तेवढ्या रेघा जातात. कुठेही जातात.” मग थोड्या अंतरावर दुसरा काढला. “दोन असले, की सरळ रेघ एकच.”

खडू त्याने मोडला. अर्धा तिच्यापुढे धरला. “काढायची की नाही... ते मात्र गणितात नाही.”

तिने खडू घेतला. रेघ मध्ये थोडी वाकडी आली. पण दुसऱ्या ठिपक्याला जाऊन टेकली.

तेवढ्यात दारात कारकूनकाका. “सापडली एकदाची! चौथ्या तासाला सोळा नंबर रिकामी झालीय. आता तुम्ही तुमच्या तासाला, ते त्यांच्या.”

“नको!” दोघं एकदमच म्हणाले.

काकांनी फळ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. “बरं. मी नोंद करत नाही.”

पुढचं काय सांगायचं? ताईला लग्नाच्या मंडळाचा फॉर्म आणावा लागला नाही. अहवाल साठच नोंदींचा झाला. ती दोघं देवाच्या दयेने सुखात आहेत, एकमेकांची आठवण ठेवायला एकमेकांना पुरेशी आहेत. तुम्ही त्यांना विसरलात तरी चालेल.

पण एक कराल? आज हात जोडून डोळे मिटाल, तेव्हा बाराव्या फॉर्ममधल्या घड्याळजींना आठवा. नाव मलाही माहीत नाही, फॉर्मवर नाव घ्यायचं नव्हतं. देवाला ते लागतही नाही. पहिलवान दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिला, म्हणून शेवटपर्यंत त्यांचं उत्तर ‘एक’ होतं. तुम्ही त्यांना आठवलंत, तर तेवढ्यापुरतं ते दोन होईल.