कळलावीचा पिवळा

माझ्या थापा अख्ख्या बाळीवेशीला ठाऊक आहेत. मी सांगितलं ऊन पडलंय, तर लोक आधी वर बघतात.

पण हे खरं आहे.

सोलापुरातच, १९३२ च्या श्रावणात, भर दुपारी घडलं.

आम्ही दोघं चित्रं रंगवायचो. मी नागप्पा, आणि शिवम्माक्का. एका मास्तरांनी आपल्या मुलखातल्या रानफुलांचं पुस्तक काढलं होतं. छापून यायच्या नुसत्या काळ्या रेषा. रंग हातानं भरायचे. त्या आठवड्यात कळलावी होती. पाकळ्यांचे लाल शेंडे माझे, पिवळं बूड अक्काचं.

रंग घेण्याआधी अक्का दर वेळी कुंचला ओठांत धरून टोक काढायची.

चुप्...

दिवसभर तोच आवाज.

एक दिवस पिवळा संपला. पुण्याहून मागवायचं काम माझं, आणि मी विसरलो होतो. मास्तर बोलतील म्हणून बाजारातून हरताळ, तो पिवळा दगड, आणला, खलला, अक्काच्या वाटीत ओतला. दुकानदारानं बजावलं होतं, "इख हाय ते. तोंडाला लावू नगं."

वाटी ठेवताना मी अक्काकडं पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नागप्पा, रंग बदललास व्हय रं?"

"न्हाय की."

"मग जीब का चरचरतीया?"

"ठेचा कमी खा."

ती हसली. कुंचला ओठांत धरला.

चुप्...

मीही हसलो.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. उलट्या... मग हातपाय गार. मी भेटायला गेलो तेव्हा ती झोपली होती. काही बोलणं झालं नाही. गुरुवारी तिला माती दिली.

मी उरलेला रंग उकिरड्यात पुरला. वाटी फोडली. बारा पानांत पिवळा भरायचा राहिला होता.

शनिवारी दुपारी एकटाच लाल भरत बसलो होतो. बाहेर मागांची खडखड चाललेली. मधेच ती थांबली...

चुप्...

अक्काच्या पाटाकडून.

पाट रिकामा होता. पण तिचा कुंचला... इतके दिवस वाळून पडलेला... ओला होता. टोक सुईसारखं.

वरचं पान उचललं. बूड पिवळं भरलेलं. रेषेच्या आत केसभर पांढरी कड सोडलेली. ती अक्काचीच खोड.

घरात पिवळ्याचा थेंब नव्हता.

बाकीची अकरा मी पुण्याच्या रंगानं पुरी केली. ते एक पान मास्तरांना देववलं नाही. माझ्या पेटीत आहे. पन्नास वर्षं झाली, अजून बोट लावलं की पिवळं होतं.

तेव्हापासून थाप मारली की माझी जीभ चरचरते. लोकांना वाटतं, म्हातारा रंगात आला की ओठ चाटतो.

आत्ताही चरचरतेय...

चुप्...

बरं अक्का. सांगतो.

मी भेटायला गेलो तेव्हा ती जागी होती. वैद्य उशाशी बसला होता, काय पोटात गेलं म्हणून विचारत होता. तिनं माझा हात धरला.

"नागप्पा, रंग त्योच हुता न्हवं? तू सांग, मंजे ह्यास्नी तसं सांगते."

मी म्हणालो, "व्हय अक्का. त्योच."

तिनं मान डोलावली. वैद्यानं पोटदुखीचा काढा दिला.

झालं. लिहून टाकलं. आता तरी आवाज थांबायला हवा होता.

चुप्...