सातव्या आधणाचा गूळ

ढेप एक, पण तिचे तुकडे चार! चारही तुकडे वेगवेगळ्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर लाखेची मोहर आणि मोहरेशेजारी आईची सही. दहा वर्षांची रेवा चौगुले डोळे विस्फारून पाहत होती. गूळ तपासायचाच होता, तर एका खड्यानं भागलं असतं. मग ही चार-चार डब्यांची उठाठेव कशाला?

साल होतं २०६१. कोल्हापूरजवळच्या चौगुल्यांच्या गुऱ्हाळात त्या दिवशी कुणाचे पाय जमिनीवर नव्हते, कारण त्यांचा गूळ चंद्रावर निघाला होता! तिथल्या तळावरच्या दोनशे माणसांसाठी बारा आधणांचा गूळ हवा होता. (काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, एका वेळी जेवढा रस उकळतात, ते एक आधण.) दुपारी चारला उडता ट्रक माल न्यायला येणार होता.

आणि नेमक्या त्याच सकाळी अन्न सुरक्षा अधिकारी सानिया मुजावर आपल्या यंत्रमानवासह दारात हजर! यंत्रमानवाचं नाव हुंगोबा. त्याच्या नाकात गंधसंवेदक (हवेतले बारीकसारीक वास ओळखणारं यंत्र) होता. कोठीत शिरताच त्याचे कान लाल झाले.

"गंधक! रंग उडवायची पावडर!" तो ओरडला आणि एका ढेपेवर बोट ठेवून उभा राहिला. ढेपेवर आधणाचा आकडा उमटवलेला होता, सात. त्याच ढेपेचे हे चार तुकडे.

आईचा चेहरा उतरला. "आमच्यात पावडर वापरत न्हाईत मॅडम. भेंडीच्या रसानं मळी काढतोय आम्ही. माझ्या सासऱ्यांपासनं हेच चाललंय."

"असेलही. पण एका आधणात सापडली, तर बाकीच्यांत नसेल कशावरून? निकाल येईपर्यंत बाराही आधणं इथंच राहतील."

चंद्र गेला हातचा! रेवा आईच्या मागं सरकली. का, ते फक्त तिलाच ठाऊक होतं. वेळ काढायला तिनं विचारलं, "मॅडम, चार तुकडे कशाला ओ?"

"एक आमच्या प्रयोगशाळेला. दोन माझ्या साहेबांकडे जपून, पुढं वाद झाला तर. आणि चौथा तुझ्या आईच्या हक्काचा. आमचा निकाल तिला पटला नाही, तर तो तिला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो."

"म्हणजे तुमचीसुद्धा तपासणी?"

"मग! नमुना घेते मी, तपासतं दुसरंच कुणी आणि दंड ठरवतं तिसरंच. मला माल अडवता येतो, पण मनात आलं म्हणून फेकून देता येत नाही. मीही चुकू शकतेच की गं."

एवढी मोठी मोहरवाली बाई 'मी चुकू शकते' म्हणते! रेवाला वाटलं, मग आपल्याला कबूल करायला काय होतंय?

"मॅडम, पावडर मी घातली," ती एका दमात म्हणाली. "माळ्यावर जुनी पुडी होती. आपला गूळ काळपट, बाजारात सगळे पिवळाधमक मागतात. चंद्रावरची माणसं नाक मुरडतील असं वाटलं. आई लाकडं आणायला गेली, तेव्हा टाकली. सातव्यातच. आईची शप्पथ!"

आईनं कपाळावर हात मारला. "अगं भवाने! सातव्यातल्या दोन ढेपा सकाळीच बालवाडीत गेल्यात! लाडवाला!"

मॅडमनी मनगटावरचा पडदा झटकन उघडला. "दमा असलेल्या पोराला या पावडरीनं धाप लागू शकते. परतीचा आदेश (विकलेला माल परत मागवण्याचा हुकूम) काढते." पुढच्या क्षणी बालवाडीच्या कपाटानं आतल्या ढेपांसकट आपलं दार घट्ट मिटून घेतलं आणि तिथल्या बाईंना बातमी दिली. लाडू अजून वळायचे होते. रेवाला रडूच फुटलं, पण सुटल्याचं.

मग सातव्या आधणाच्या ढेपा बाहेर हलवल्या, दारं-खिडक्या उघडल्या. सातव्याच्या वासानं भरलेल्या कोठीत बाकीच्या ढेपा चांगल्या आहेत की नाहीत, हे हुंगोबालाही कळलं नव्हतं. आता त्यानं उरलेली अकराही आधणं सावकाश हुंगली. कान हिरवेगार!

"संशय संपला की माझा अडवायचा अधिकारही संपला," मॅडम म्हणाल्या. "अकरा आधणं चंद्रावर जाऊ देत. सातवं इथंच मोहरबंद राहील. आणि ही सुधारणा नोटीस (काय सुधारायचं आणि कधीपर्यंत, याचा लेखी हुकूम). माळा साफ करा, काहिलीपाशी लक्ष ठेवा. पंधरा दिवसांनी बघायला येईन. हां, चौथा तुकडा दुसरीकडं तपासून हवा का?"

आईनं रेवाला जवळ ओढलं. "कशाला? माझ्या लेकीनं सांगितलंय की. त्याच्यावर आणि कसली तपासणी?"

चारच्या ठोक्याला उडता ट्रक आला आणि काळपट, खमंग गूळ घेऊन आभाळात शिरला. रेवा मान वर करकरून पाहत होती.

"मॅडम, चंद्रावर अन्न अधिकारी कोण आहे?"

"कुणीच नाही अजून," मॅडम हसल्या. "जागा रिकामी आहे."