राठोड बंधूंची गाडी

हिंगोलीच्या डेपोबाहेर रीता आपल्या नव्या शिलाई मशीनवर हात ठेवून उभी होती. बाजारात म्हैस विकायला आणावी तशी. आलेली प्रत्येक एसटी गच्च. माणसालाच पाय ठेवायला जागा नाही, तिथं मशीनला कोण विचारतो? डिसेंबरचं ऊन कोवळं असलं तरी डोक्यावर आलं होतं, आणि आखाडा बाळापूर काही डोक्यावर मशीन घेऊन चालत जायच्या अंतरावर नव्हतं.

तेवढ्यात एक पांढरी क्रूझर समोर येऊन थांबली. खिडकीतून एक हसरं तोंड बाहेर आलं.

"काहो, मशीन विकून राहिल्या का?"

"विकत घेतलीय. तुमाला शिवायला येत असंल तर तुमाला विकते."

"मले तं बटनबी लावता येत न्हाई. पण मशीन उचलता येते... बाळापूरलेच चाललो."

बोलण्यातलं ते 'मले' ऐकून पोरगा पुसदकडचा, हे तिनं ओळखलं. रीता काही असल्यातसल्या गाडीत बसणारी पोरगी नव्हती. पण काचेवर लाल अक्षरात लिहिलेलं तिनं वाचलं – 'राठोड बंधू, आखाडा बाळापूर' – आणि तिचा जीव भांड्यात पडला. कारण ती स्वतः राठोड. वर मशीन चढवता चढवता तो गोरमाटीत, म्हणजे बंजारा तांड्याच्या बोलीत, दोन शब्द बोलला. मग तर शंकाच मिटली. आता ज्यांना बंजारा समाजाची रीत ठाऊक नाही त्यांना सांगितलं पाहिजे: राठोडाचं राठोडाशी लग्न होत नाही. कुठल्याही मुलखात भेटो, राठोड हा राठोडाच्या पोरीचा भाऊच. म्हणून तर तांड्यावर पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याला पाडा, म्हणजे कूळ, विचारतात. रीतानं विचारलं नाही. काचेवर एवढं ठळक लिहिलेलं पुन्हा काय विचारायचं?

"बरं झालं भाऊ, तुमी भेटलात," ती मोकळेपणानं म्हणाली.

पोराचं तोंड जरा उतरलं. पण रीता तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

"नाव काय तुमचं?"

"नेमसिंग."

"अगं बाई! हे तर म्हाताऱ्याचं नाव."

"आजाचंच हाय. आजा गेला अन् नाव माह्या गळ्यात पडलं."

ती इतकी हसली की त्यानं गाडी हळू केली. का हळू केली, ते त्यालाच माहीत.

बाळापूरच्या बाजारात रीताचा शिवणवर्ग होता. आठवडाभरानंतर तिथं एक वेगळंच खूळ निघालं. फातिमाबीनं, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईनं, काज करता करता सुई टोचून ठेवली आणि जाहीर केलं, "मेरेकू मरने के पयले एक बार समिंदर देखनेका है. बस्स!"

झालं! रुक्माबाईला गणपतीपुळ्याचा गणपती आठवला, बाकीच्या बायांना नवऱ्यावाचून चार दिवस आठवले. आणि रीताला... रीताला तर लहानपणापासून समुद्र पाहायचा होता. इसापूरच्या धरणापेक्षा मोठं पाणी तिनं पाहिलं नव्हतं. ज्याचा दुसरा काठच दिसत नाही असलं पाणी असतं तरी कसं, हा प्रश्न चौथीत तिच्या डोक्यात शिरला तो अजून तिथंच ठाण मांडून बसला होता. जायचं तर संक्रांतीच्या आत. एकदा हळद काढायला लागली की बाईमाणसाला डोकं खाजवायची सवड मिळत नाही.

"गाडी?" रुक्माबाईनं विचारलं.

"आपल्या भावाची हाय ना," रीता म्हणाली. म्हणताना गालात का हसली, हे मात्र तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

घरी बापाची परवानगी काढणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढणं. प्रेमदास राठोड खाटेवर बसून ऐकत राहिला. चूल फुंकणारी आई, मिराबाई, तिथूनच कान देऊन होती.

"गाडी कुणाची?"

"बाळापूरच्या राठोडाची, बा. त्यांच्यातलाच पोरगा चालवतो."

"भीमसिंगाची व्हय?" प्रेमदासचा आवाजच बदलला. "मग आपला भाऊच की संगं. जा. भाऊ असल्यावर मला कायची काळजी?"

मग काय! रोज संध्याकाळी वर्ग सुटला की नेमसिंग दारात हजर. मोबाईलमध्ये नकाशा उघडून बसायचा आणि बायांचा गोंधळ चालायचा. सोलापूरवरून जायचं की पंढरपूरवरून? भाकऱ्या किती न्यायच्या? तिकडं नुसता भातच मिळतो म्हणे!

"समिंदराचं पाणी खारट असतंय," रुक्माबाई म्हणाली.

"मग पिठल्यात मीठ नका टाकू, तिथंच बुडवून खा," नेमसिंग म्हणाला, आणि फातिमाबीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"म्होरल्या सीटवर कोन बसन?" त्यानं नकाशातून मान वर न करता विचारलं.

"मी," रीता म्हणाली. "मला घाटात गाडी लागते."

"वा! म्हंजे माह्या नशिबात..."

"...डबा धरून बसणं हाय, भाऊ. एका हातात स्टेअरिंग, एका हातात डबा."

सगळ्या बाया खो खो हसल्या. तोही हसला, पण उशिरा. तो 'भाऊ' आला की त्याच्या हसण्यात रोज असा खडा लागायचा.

आणि रीताचं काय? दिवसभर पोरगी कात्रीनं सरळ रेघ कापायची, आणि चार वाजले की तिरकी जायची. गाडीचा हॉर्न ओळखू यायला लागला होता. एक दिवस तो आला नाही, टायर पंक्चर झाला होता, तर तिला संध्याकाळची भाकर गोड लागली नाही. रात्री अंथरुणावर ती दचकलीच. भावाची वाट कुणी अशी बघतं का? आपल्या हातून हे काय पाप होऊन राहिलंय? तिला रडू आलं. उद्यापासून त्याच्याशी बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी साडेचारलाच दारात जाऊन उभी राहिली... मनाला लगाम कोण घालणार, बाई!

निघायला दोन दिवस उरले. बाया खरेदीला गेल्या होत्या. नेमसिंगनं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून मशीनवर ठेवली.

"आल्याच्या वड्या हायेत. मायनं केल्या. घाटात तोंडात धरजो, उलटी होत न्हाई."

रीतानं पुडी उचलली. त्याच्या खिशातल्या उबेनं कोमट झाली होती. डोळे भरून येतील या भीतीनं तिनं घाईघाईनं बोलून टाकलं, "लई उपकार झाले... भाऊ."

"रीता!" त्याचा आवाज चढला. मग तोच दचकला आणि हळू झाला. "मी तुले आवडत नसन तं तसं सांग. नीट सांग. पण हे ऊठसूट भाऊ, भाऊ... काहून छळून राहिली मले?"

"मी छळते? राठोडाला भाऊ न्हाई म्हणू तर काय म्हणू?"

"राठोड? कोन राठोड?"

"तू!"

"मी?" तो डोळे फाडून बघत राहिला. "अवं, गाडी मामाची हाय! भीमामामाची. मी तं पवार आहो. पवार, पुसदकडचा!"

रीता मशीनच्या स्टुलावर मटकन बसली.

"मग... सांगितलं काहून न्हाई?"

"तू इचारलंच कवा?"

पवार आणि राठोड! पिढ्यान्पिढ्यांच्या सोयरिकी. रीताच्या आत्याच पवारात दिलेल्या. पोरीनं आनंदानं उडी मारायला पाहिजे होती. पण झालं भलतंच. इतके दिवस ज्याच्याशी भांडली, ज्याच्या नावाला हसली, त्याच्यासमोर तिच्या तोंडातून आता शब्द फुटेना. ओढणी आपोआप डोक्यावर गेली. कान तापले.

"आता काहून गप?" तो हळूच म्हणाला.

"तू... तुमी जा आता."

"तुमी?" तो हसला. पहिल्यांदाच त्याच्या हसण्यात खडा नव्हता. "जातो. पण तुमी म्हणलीस ते चांगलं वाटलं."

तो गेला आणि मग रीताला बाप आठवला. बापानं परवानगी दिली होती ती भावाच्या भरवशावर. भाऊ तर आता राहिला नव्हता.

फातिमाबीला तिनं सगळं सांगितलं. फातिमाबीनं आधी अल्लाचे आभार मानले, मग व्यवहार सांगितला. "चुप बैठ. पयले समिंदर देखके आ. आने के बाद बोलना बाप को. चार दिन में क्या बिगडता?"

सल्ला बराबर होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण रीता रात्री जेवायला बसली, बापानं आपल्या ताटातली शेंगदाण्याची चटणी तिच्या ताटात सरकवली आणि म्हणाला, "तिकडं खाण्याचे हाल होतील, बाई. भावाला सांग, मधी मधी थांबत जा." तिनं हातातला घास ताटात ठेवला. ज्या माणसाशी जन्म काढावासा वाटतो, त्याच्यासोबतची पहिली वाट बापाला फसवून चालायची?

"बा," ती म्हणाली, "तो राठोड न्हाई. पवार हाय. गाडी त्याच्या मामाची. मला आजच कळलं." आणि मग एका दमात, ताटाकडं बघत, "अन् तो मला आवडतो."

मिराबाईच्या हातातली भाकर तव्यावरच करपली. प्रेमदासनं ताट बाजूला सरकवलं.

"आवडतो, तर मग त्याच्या गाडीत चार दिवस कशी जाशील?" शेवटी तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "उद्या कुणी नाव ठेवलं तर तुलाच ठेवतील, त्याला न्हाई. समिंदर कुठं पळून चालला न्हाई."

"व्हय, बा."

त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. समुद्रासाठी रडली, खोटं कशाला सांगायचं? पण बापाला सांगितल्याचं तिला एकदाही वाईट वाटलं नाही.

निघायच्या दिवशी दिवस उगवायच्या सुमाराला क्रूझर तांड्यावर आली. बाया आत बसलेल्या. आदल्या दिवशी फातिमाबीनं सगळी बातमी नेमसिंगच्या कानावर घातली होती. पण स्टेअरिंगवर आज भीमामामा होते, कानाला मफलर गुंडाळून. नेमसिंग मागून उतरला आणि थेट प्रेमदाससमोर जाऊन पाया पडला.

"गाडी मामा चालवतेत. ते राठोड हायेत, रीताचे काकाच लागतीन. आता तं पाठवा तिले. मी जात न्हाई."

"तू काय करणार मग?"

"ती गेल्यावर कापूस येचाले हात कमी पडन ना तुमचे. मी येचतो."

"कापूस कधी येचलास काय रे?"

"न्हाई."

प्रेमदासनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. बैलबाजारात बघतात तसं. मग बायकोकडं वळून म्हणाला, "पोरीची पिशवी भरलीय का?"

रीता गाडीत पुढं बसली. आभाळ तांबडं होत होतं, थंडीनं हात गारठले होते. ती निघाली आणि तो राहिला. जाताना तिनं मान वळवली. तो गळ्यात कापसाची ओटी बांधत होता, उलटी.

समुद्र दुसऱ्या दिवशी दिसला. पहिल्यांदा फातिमाबी ओरडली, मग सगळ्याच. रीता अनवाणी पाण्यात गेली. लाट आली, कपडे भिजवून गेली, पायाखालची वाळू ओढून गेली. खरंच, दुसरा काठ नव्हता! तिला हसू येत होतं आणि रडूही. इतकं मोठं पाणी, आणि दाखवायला शेजारी तो नाही... मोबाईल वाजला. बापाचा फोन.

"बा! बा, हे लई मोठं हाय!"

"बरं बरं. ऐक. हा तुझा पवार... कापूस येचायला काडीचं येत न्हाई त्याला. सगळा पालापाचोळा भरलाय. तुझी माय दोन दिवस तेच निवडून राहिली." प्रेमदास खाकरला. "पण दिवसभर कापसाची ओळ सोडून उठत न्हाई. हात सोलून घेतलेत. अन् मला एक शब्द मागितला न्हाई त्यानं."

लाटांचा आवाज येऊ नये म्हणून रीतानं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"भीमसिंगाला सांग, येताना गाडी सरळ तांड्यावर आण म्हणावं. पवाराच्या माय-बापालाबी बोलावून घेतो. बसून बोलू."

बसून बोलू! तांड्यात या दोन शब्दांचा अर्थ लेकरालाही कळतो. वाळूवर भीमामामा धोतर वर खोचून शिंपले वेचत होते. त्यांना जाऊन हे कोणत्या तोंडानं सांगायचं? रीतानं फोन तसाच फातिमाबीच्या हातात दिला आणि ती लाजून पाण्यात पुढं पळाली. मागून फातिमाबीची आरोळी आली, "भीमाभाई, मिठाई मंगाव!"

थोड्या वेळानं फोन पुन्हा तिच्या हातात आला. आता पलीकडं नेमसिंग होता.

"मले विहिरीवर पाठवलं होतं तुह्या बानं. काय बोलले? सांग न..."

"हो म्हणाले."

पलीकडं घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अन् तू?"

"मी तर निघायच्या आधीच म्हणले," रीता म्हणाली. "बासमोर, जेवताना. भाकर करपली आमची."