लाल टोपणाची नळी

"हिनंच जास्त इन्सुलिन टोचलं माह्या बापाले! साखर अठ्ठावीसवर आली!"

गजेंद्र ठाण्यात ओरडत होता. त्याची बायको प्राजक्ता भिंतीशी बसली होती. सासऱ्याला रोज इन्सुलिन तीच द्यायची.

सासरे सूर्यभान काल सकाळी बाळापूरच्या मळ्यात झेंडू तोडताना कोसळले. गावच्या दवाखान्यात आधी रक्त काढलं, मग ग्लुकोज देऊन त्यांना अकोल्याला हलवलं. रक्ताचा रिपोर्ट आज दुपारी आला.

उपनिरीक्षक वर्षाली इंगळेंनी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"साखर उतरलेला माणूस ग्लुकोजनं शुद्धीवर येतो ना?"

"बहुतेक लगेच. हे आले नाहीत."

फोन ठेवून वर्षाली अकोल्यातल्या जुन्या शहरातल्या लॅबमध्ये गेल्या. सूर्यभानच्या रक्ताची नळी तिथेच होती. टोपण लाल होतं. लॅबच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून त्यांनी गावच्या दवाखान्यात रक्त काढणाऱ्या सागरला ठाण्यात बोलावलं.

"साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी लागते. लाल काहून घेतली?"

"राखाडी संपल्या होत्या."

"रक्त लॅबमध्ये कवा दिलं?"

सागरनं मान खाली घातली. "आज सकाळी. काल माह्या साळीचं लगन होतं. नळी गाडीच्या डिक्कीत राह्यली."

"दिवसभर उन्हात?"

"हो."

वर्षाली गजेंद्रकडे वळल्या. "रक्तातल्या लाल पेशी नळीतही साखर खात राहतात. साखर तोडायला त्यांच्याजवळ विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, साखळी असते. त्यातलं एक एनोलेज. या साखळीवरच पेशी जगतात. राखाडी नळीतलं फ्लोराइड एनोलेजला अडवतं. लाल नळीत अडवणारं कोणी नव्हतं. उन्हात तर साखर तोडणं जोरात चाललं. साखर नळीत संपली, तुमच्या वडिलांच्या अंगात नाही. आत्ताच त्यांचा स्कॅन आला. मेंदूत रक्तस्राव झालाय."

सागर रडायला लागला. "प्राजक्ताबाईले पोलिसांच्या गाडीत बसवताना म्या पाह्यलं, मॅडम. रिपोर्ट माह्या नळीमुळं चुकला, हे मले तवाच समजलं होतं. तरी तोंड उघडलं नाई."

गजेंद्र बायकोसमोर येऊन उभा राहिला. तिच्या गालावर त्याच्या बोटांचे वळ अजून होते.

"प्राजक्ता, माह्याच्यानं..."

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"मॅडम," ती वर्षालींना म्हणाली, "मले दवाखान्यात बाबूजीजवळ नेऊन सोडा. याच्या गाडीवर मी बसत नाई."