दीर्घ चूका

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकले आणि त्रेसष्टाव्या वर्षी मला वाचायचं काम मिळालं. बिनपगारी असलं म्हणून काय झालं? जन्मभर लाँड्रीत दुसऱ्यांचे कपडे इस्त्री केले. त्या दिवशी स्वतःचे केले, घातले आणि नवाच्या ठोक्याला सुनेच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

ज्या मोफत प्रोग्रामवर मी बाराखडी गिरवली, तो साठेक हौशी माणसं ठिकठिकाणी बसून बनवतात. माझी सून त्यांची म्होरकी. त्यांच्या गप्पांची चॅनेलं एकेचाळीस झाली होती. ‘मदत’, ‘मदत हवी’, ‘तातडीची मदत’. प्रश्न तीन ठिकाणी, उत्तर चौथ्याच.

“आई, सारखी असतील ती एकत्र करा. आम्ही नुसतं चाळतो, तुम्ही अक्षर न् अक्षर चावता.”

“दात गेले, सवय नाही गेली,” मी म्हटलं.

मुदत चारपर्यंतची. चारला नवी आवृत्ती सगळ्या शिकणाऱ्यांकडे जाणार होती.

बिघाड कळवायचं चॅनेल ‘चुका’. त्याच्याखालीच आणखी एक: ‘चूका’. चूक एकटी असली की दीर्घ, अनेक झाल्या की ऱ्हस्व. मी अजून तिथेच ठेचकाळते, म्हणून तर दिसलं! सभासद शून्य.

आत नुसती उत्तरं. ‘चुका’मधल्या प्रश्नांचीच, आणि बिनचूक. तारखा ताडल्या. प्रत्येक उत्तर प्रश्नाच्या आदल्या दिवशीचं. छाती धडधडायला लागली. भीतीनं कसली, आनंदानं! मला काहीतरी सापडलं होतं.

सुनेला दाखवलं तर ती हसली. “सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल.”

“आणि हे शेवटचं? याचा प्रश्नच नाही कुठे.”

ती वाकून वाचू लागली. ‘चारला पाठवू नका. ज्यांच्या नावात जोडाक्षर अहे त्यांचे धडे पूसले जातिल.’

“कुणीतरी चेष्टा करतंय, आई. तीन वाजलेत.”

“अगं, करून तर बघ. पाच वर्षं गिरवलंय मी. पुसलं जाणं म्हणजे काय, ते मला विचार.”

तिनं जोडाक्षराच्या नावाचं खोटं खातं उघडलं, त्यात दहा धडे भरले. नवी आवृत्ती चढवली.

धडे शून्य.

पुन्हा केलं. शून्य.

तिनं आवृत्ती थांबवली. मी खुर्चीतून उठून टाळ्याच पिटल्या. वाचले सगळे!

“आता ते चॅनेल मिटवा,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

मी बटण दाबलं. पडद्यानं विचारलं, नक्की?

खाली बारीक अक्षरं उमटली. मी एकेक जोडून वाचली.

‘४१२ जण लिहीत आहेत…’

“साठांचे चारशे कधी झाले गं?”

सुनेनं शिकणाऱ्यांची यादी उघडली, जोडाक्षराची नावं वेगळी काढली आणि खालचा आकडा बोटानं मला दाखवला.

चारशे बारा.

त्यांना आम्ही अजून काहीच कळवलं नव्हतं.