बाहेर मांडलेला कॉम्प्युटर

त्या दिवशी बाबांनी मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये न बसवता त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला होता. स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"आत कधी बसवणार?" बॅग उचलता उचलता लेकीनं विचारलं.

"आधी एकेक भाग तपासू दे. सगळं आत कोंबल्यावर रुसलं, तर दोष कुणाचा ते कसं कळणार?"

कॅबिनेटच्या बटणाची वायर जिथे लागते, बोर्डावरच्या त्या दोन पिनांना त्यांनी नुसतं स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा गरगरला.

"बघ, श्वास घेतला!"

ती हसली आणि कामासाठी परगावी गेली. बाबांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, म्हणून संध्याकाळपासून दादा सोबतीला राहणार होता.

सकाळी बाबा टेबलाखाली मृत सापडले. वेळेवर आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. ते एक वाक्य तिला झोपू देईना.

म्हणून तिनं गुप्तहेराला बोलावलं. त्याच्याबरोबर त्याचे मित्र, मास्तर, आले. खोलीला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

"शॉकच बसला असणार," मास्तरांनी निकाल देऊन टाकला.

"भाजल्याची खूण कुठे आहे, मास्तर? हृदयच बंद पडलं." गुप्तहेर रिकाम्या कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसला होता.

शेजारच्या काकू पदर सावरत म्हणाल्या, "आठच्या सुमाराला धप्पकन आवाज आला. माझे गुडघे हे असे, म्हणून दादालाच फोन लावला. तो म्हणाला, 'मी इथेच आहे काकू, खोका पडला. बाबा मजेत आहेत.' मग मी कशाला नाक खुपसू?"

"बरोबर आहे त्यांचं," दादा म्हणाला. "मी दहापर्यंत होतो. बाबांनी कॅबिनेटचं बटण दाबलं, सगळं सुरू झालं, लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. मग मला म्हणाले, जा घरी. त्यानंतर झालं असणार."

"दोघांचं जुळतंय," मास्तर पुटपुटले.

"जुळतंय खरं. पण हे बघा." गुप्तहेरानं कॅबिनेट उजेडाकडे वळवलं. "बटणाची वायर. कारखान्यात बांधली तशीच गुंडाळी आहे, एकदाही सुटलेली नाही. बोर्ड अजून खोक्यावर, स्क्रूड्रायव्हर जमिनीवर. या बटणानं काहीही सुरू होणं शक्य नव्हतं. खोलीत असलेल्या माणसाला हे दिसलं असतं. तुम्ही दुकानातला कॉम्प्युटर डोळ्यांपुढे आणून सांगितलंत."

"म्हणजे काकूंनी फोन केला तेव्हा..." मास्तर थबकले.

"हे इथे नव्हते. आणि पडला तो खोका नव्हता."

"मग तू होतास तरी कुठे?" काकूंनी दादाला विचारलं.

"मित्रांकडे होतो," दादा म्हणाला. "तासाभरात निघणारच होतो गं, मग राहूनच गेलं. काकू तुला सांगतील, तू बोलशील, म्हणून थाप मारली. मला काय माहीत..."

"बाबा तुझी बाजू घ्यायचे, म्हणून मी गप्प बसायचे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला तू कधीच आवडला नाहीस, दादा."